लोंबीखालचं नाव

स्वरूपला एक खोड होती, चांगलं चाललेलंही उघडून बदलल्याशिवाय त्याला राहवत नसे. शहापुरात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तो कामाला होता, आणि लोकांनी टाकून दिलेली मशिनं घरी आणून त्यांच्यात लिनक्स घालत बसायचा. विकतची विंडोज ज्यांना झेपेनाशी झाली असे म्हातारे लॅपटॉप लिनक्सवर उठून चालायला लागायचे. हे फुकट असतं, उघडं असतं, आत हात घालून बघता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला देता येतं, असं तो भेटेल त्याला सांगायचा. भेटेल तो हो हो म्हणायचा आणि आपली विंडोजच टाकून घ्यायचा.

त्यात त्याला ब्लॉगचं वेड लागलं. ब्लॉग म्हणजे आपल्याला जे सांगायचं ते लिहून इंटरनेटवर लावायचं, कोणीही वाचावं. पण लिहायचं राहिलं बाजूला, कशानं लिहायचं यातच पठ्ठ्या रमला. आधी एक तयार मिळतं ते घेतलं. त्यात मनासारखं करता येईना म्हणून दुसरं घेतलं, आपणच मांडून आपणच चालवायचं. ते जड पडलं म्हणून तिसरं. त्यात साध्या मजकुराच्या फायली लिहायच्या, एक हुकूम द्यायचा, की सगळी पानं तयार. तीन ब्लॉग झाले, आणि तिन्हींवर एकच लेख होता: 'नवा ब्लॉग सुरू केला आहे. आता नियमित लिहीन.'

त्याची आई गुणाबाई. शाळा चौथीपर्यंत, पण जिभेला पदवी मिळालेली.

"घर बांधतोस, रंग देतोस, नि ऱ्हायची वेळ आली की पाडतोस," ती म्हणायची. "लगीन तरी असं करू नको म्हणजे मिळवली."

मात्र त्याच्या ब्लॉगला मजकूर मिळाला तो या बाईमुळंच. मुरबाडच्या अलीकडं त्यांचं गाव, आणि गावातल्या बायकांच्या बचत गटाची ती अध्यक्ष. गट घरचा तांदूळ विकायचा. झिनी, कोलम, लाल राता. कल्याणचं गिऱ्हाईक फोन करून विचारायचं की हा भात मऊ का झाला, तो फडफडीत का झाला, आणि गुणाबाई सांगायला बसली की चुलीवरचं करपेपर्यंत सांगायची. स्वरूप ते टाईप करू लागला. कुठल्या वाणाला किती पाणी, बाळंतिणीला कुठला, सणाला कुठला, आणि कुठला भात घातला की पाव्हणा परत तोंड दाखवत नाही. लोकांना आवडायला लागलं. आईच्या बोलण्यात ताकद होतीच, पोराचं काम फक्त ते पानावर उतरवायचं.

आता पानाला साज हवा. थीम म्हणतात त्याला. इंटरनेटवर ढिगानं पडलेल्या असतात, पण त्या परदेशी लोकांनी आपल्या अक्षरांसाठी केलेल्या. मराठी घातलं की वेलांटी एकीकडं नि अक्षर दुसरीकडं. शोधता शोधता स्वरूपला एक थीम मिळाली, मराठीसाठीच घडवलेली. जोडाक्षरं शाबूत, तारखा मराठी, आणि पानाच्या माथ्यावर हातानं काढलेली भाताची लोंबी, दाण्यांच्या वजनानं डावीकडं वाकलेली. जिनं केली होती तिनं ती सगळ्यांसाठी उघडी ठेवली होती. अट एकच लिहिलेली: घ्या, बदला, वाटा, खाली माझं नाव तेवढं राहू द्या. प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात यायचं, 'बांधणी: संघरत्ना, आसनगाव'.

ती थीम बसवताना स्वरूप अडला. त्यानं तिथंच प्रश्न लिहून टाकला. संध्याकाळपर्यंत तिचं उत्तर आलं. पुन्हा अडला, पुन्हा उत्तर आलं. मग तिनं आपण होऊन त्याला मेसेज केला, 'तुम्ही मुरबाडकडचे का? मग झिनीचं पान आधी लावा. आमची आजी झिनीच लावायची, मला वाचायचंय.' स्वरूपनं त्या दिवशी दुसरं काही केलं नाही. झिनीचं पान आधी लावलं.

आणि ते आईला दाखवायला गेला. गुणाबाईनं फोन लांब धरला, लोंबी बघितली, आपलंच बोलणं छापलेलं बघितलं. तिचा चेहरा फुलला. मग बोट खाली सरकवत सरकवत ती तळाला पोचली आणि एकेक अक्षर लावून वाचलं.

"हे कोण रे?"

"कुठलं?"

"सं-घ-रत्ना. बोलले मी, बसून लिवलंस तू. ही मधीच कोण?"

एवढंच सांगायचं होतं की आये, साज तिचा आहे. पण आईच्या तोंडावर जे पसरलं होतं ते पुसायचं त्याच्या जिवावर आलं. इतक्या वर्षांत त्या मशिनांकडं बघून तिच्या तोंडावर असं काही दिसलं नव्हतं.

"ते चुकून आलंय," तो म्हणाला. "काढतो."

"नि ही लोंबी?"

"काढली मी," तो म्हणाला. काढली या शब्दाला त्याचंच तोंड क्षणभर कडू झालं असेल, पण दिसलं नाही.

रात्र व्हायच्या आत त्यानं ती ओळ पुसली आणि तिथं लिहिलं, 'बांधणी: स्वरूप'. मनाशी म्हणाला, आपणही त्यात काम केलंच की. रंग बदलला, वाणांची यादी बाजूला घेतली, फोनवर पान हलायचं ते सरळ केलं. माणसाला स्वतःशी बोलायला वकील लागत नाही.

पुढं हिवाळ्यात मुरबाडला शहापूर-मुरबाड दोन्ही तालुक्यांतल्या गटांचं प्रदर्शन भरलं. मांडव, टेबलं, पापड, लोणची, घोंगड्या. गुणाबाईनं लोंबीचा मोठा फलक छापून घेतला होता, नि येईल त्याला फोन उघडून दाखवत होती. "आमच्या स्वरूपनं केलंय. काही विकत नाय आणलेलं, सगळं याच्या डोक्यातलं." स्वरूप शेजारी तांदळाच्या पुड्या बांधत होता. त्याचे कान तापायचे, पण तोंड मिटलेलं.

दुपारच्या जेवणानंतर गुणाबाई समोरच्या रांगेतून चक्कर मारायला गेली, आणि तिथून तिचा आवाज आला.

"स्वरूऽप! हिकडं ये आधी!"

आसनगावकडच्या एका गटाचं टेबल होतं. मागं कापडी फलक, आणि फलकावर तीच लोंबी. तशीच वाकलेली. टेबलामागं एक चष्मेवाली मुलगी आणि तिची आई.

"ही लोंबी कुठनं आणली गो?" गुणाबाईनं विचारलं.

"मी काढलीय, काकू," मुलगी म्हणाली.

"तू काढलीस? माझ्या पोरानं काढलेली तू काढलीस?"

मुलगी हसली. तिला वाटलं बाई गंमत करतेय. "काकू, आमच्या खळ्यात बसून काढली मी. लोंबी पुढ्यात ठेवली होती. सगळ्यांना वापरायला ठेवलीय, तुमच्या मुलानं तिथून घेतली असेल. घेऊ दे की, त्याच्यासाठीच आहे."

"माझा पोरगा दुसऱ्याचं उचलतो असं म्हणतेस?"

"उचलतो कुठं म्हटलं? घ्यायची परवानगी आहे. नाव ठेवायचं, बस."

"कुठं हाय तुझं नाव? दाखव!" गुणाबाईनं फोन तिच्या नाकापुढं धरला. तळाला होतं, बांधणी: स्वरूप. मुलीनं ते वाचलं, मग स्वरूपकडं बघितलं. बघितलं म्हणजे कसं, तर ओळख पटल्यासारखं. झिनीचं पान तिनं वाचलेलंच होतं.

लोक जमले. मांडवात पापडापेक्षा भांडण लवकर खपतं. गटांच्या संघाच्या संजीवनीताई पुढं आल्या. संघातल्या सगळ्या गटांच्या साइटचं काम त्या याच मुलीला देणार होत्या, त्या सकाळीच माईकवर तसं म्हणालेल्या.

"स्वरूप, तू सांग," संजीवनीताई म्हणाल्या. "कोणाची आहे?"

सगळा मांडव त्याच्याकडं बघत होता. आई बघत होती, छाती भरून. ती मुलगी बघत होती, आणि तिच्या बघण्यात अजून राग नव्हता. ती वाट बघत होती फक्त.

"आमच्या साइटवर माझंच नाव आहे," स्वरूप म्हणाला.

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकं घाण होतं.

"झालं?" गुणाबाई कडाडली. "चोर ते चोर नि वर शिकवतेस? असलं काम तुमच्याकडं कुठनं येणार गो?"

'तुमच्याकडं' म्हणताना तिनं हातानं जे केलं ते मांडवातल्या प्रत्येकाला कळलं. मुलीच्या आईनं गळ्यातलं धम्मचक्राचं पदक पदराखाली घेतलं नाही, उलट नीट वर काढून ठेवलं, आणि टेबलावरच्या बरण्या पिशवीत भरायला लागली. संजीवनीताई म्हणाल्या, "वाद नको, साइटचं काम सध्या स्वरूपकडं देऊ." आणि माणसं पांगली.

घरी परतताना गुणाबाई मोटरसायकलवर मागं बसून सगळा रस्ता बोलत होती. स्वरूपला वाऱ्याचं निमित्त होतं ऐकू न यायला.

त्यानंतर त्याला धड काही जमेना. दुकानात एका मास्तरांचा लॅपटॉप उघडला आणि स्क्रू कुठं ठेवले ते आठवेना. संघाच्या कामासाठी ब्लॉगचं चौथं साधन घ्यावं, थीमच बदलून टाकावी, म्हणजे प्रश्न मिटला, असं त्याच्या डोक्यात आलं. दोन थीम लावून बघितल्या. वेलांट्या तुटल्या. तुटल्या नसत्या तरी काय, मांडव काही बदलता येत नाही. संघरत्नाचा एकही मेसेज आला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला. शिव्या खाल्ल्या की फेडल्यासारखं वाटतं, नि ती सोय तिनं ठेवली नव्हती.

लग्नसराई लागली. गावकीची भांडी त्या वर्षी गुणाबाईच्या ताब्यात होती. पाळीपाळीनं एकेका घरात ठेवायची अशी रीत. टोप, पराती, पाण्याची पिंपं, लोकांनी गावासाठी दिलेली, प्रत्येकावर देणाऱ्याचं नाव ठोकलेलं. ज्याच्या घरी कार्य त्यानं न्यायची, रांधायचं, घासून परत आणायची. कोणाला विचारायचं नाही, कोणाचे उपकार नाहीत. शेजारची लक्ष्मी हळदीसाठी नेलेला मोठा टोप घेऊन आली, आणि गुणाबाईनं तो उन्हात फिरवून बघितला.

"लक्ष्मे, वाळूकाकाचं नाव कुठाय?"

"अगो आते, बुडाला भोक पडलेलं. आमच्या दिरांनी डाग देऊन आणला कल्याणवरनं. मंग त्यांचं नाव टाकलं. जुनं घासलं गेलं."

"घासलं गेलं का घासलं?"

लक्ष्मीनं पदराच्या टोकानं टोपाचा काठ पुसला.

"डाग दिलान ना त्यानं, मग डागाशेजारी घाल की नाव. चार अक्षरं मावतील. पण ज्यानं अख्खा टोप दिला त्याचं घासायचं? वाळूकाका काय उठून बघायला येणार हाय? येणार नाय म्हणूनच घासलंस ना? जिवंत असता तर हात लावला असतास का?" गुणाबाईचा आवाज ओटीपर्यंत येत होता. "फुकट वापरायला दिलं म्हणजे त्याचं नाय झालं, असं कुठं असतं गो? न्या, शिजवा, पोचे पाडा, मी काय बोलत नाय. पण नाव खरडून आपलं घालायचं, ही चोरीच. चोरी तरी अंधारात करतात!"

लक्ष्मी टोप उचलून निघाली, वाळूकाकाचं नाव पुन्हा ठोकून आणते म्हणाली.

स्वरूप ओटीवर मांडीत लॅपटॉप घेऊन बसला होता. तो उठला आणि अंगणात आईपुढं येऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना.

"आये, ती लोंबी मी काढली नाय."

"कुठली?"

"आपल्या साइटवरची. त्या पोरीची आहे. सगळा साज तिचा. तिनं लोकांना वापरायला दिलेला, गावकीच्या भांड्यांसारखा. खाली तिचंच नाव होतं, तू वाचलंस ते. मी खरडलं."

गुणाबाईनं भांडी घासायला हातात घेतलेली राख खाली टाकली. पाणी घेतलं, हात धुतले, सावकाश, एकेक बोट.

"प्रदर्शनात तू माझ्या बाजूला होतास ना?"

"होतो."

"मी तिला चोर म्हटलं."

"हो."

"नि ते दुसरं बोलले, तुमच्याकडं म्हणून. तेवढंही ऐकलंस."

स्वरूपनं मान हलवली.

"मला बोलू दिलंस," गुणाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि तेच त्याला सोसवेना. "माझ्या तोंडून ते बाहेर पडलं ते माझं. आत होतं म्हणून पडलं. ते मी तुझ्यावर घालत नाय. पण एका शब्दानं थांबवता आलं असतं तुला, नि तू बांधलेल्या पुडीसारखा उभा ऱ्हायलास."

"मी नाव परत लावतो. आत्ता लावतो. तिला मेसेज करतो, माफी मागतो."

"फोनात?" आता मात्र जीभ जागी झाली. "लाज काढली भर मांडवात, नि माफी फोनात लपून? असं केलंस तर माझ्या हातचं जेवू नको."

नाव त्यानं त्याच वेळी लावलं. संघाची सभा पुढच्या गुरुवारी शहापुरात होती. तोवर गुणाबाई त्याच्याशी कामापुरतं बोलली, आणि इतर कोणाशी तर त्याहून कमी. विहिरीवर कोणीतरी विचारलं, अध्यक्षबाई आजारी का काय? आजारी नव्हती. रात्री जेवताना घास हातात धरून बसायची. माणूस दुसऱ्याला इतकी वर्षं बोलत आलेलं असलं की स्वतःला बोलायला त्याला शब्द पुरत नाहीत.

सभेला सगळे गट होते. संघरत्ना मागच्या रांगेत आईशेजारी बसली होती. ती आली नसती तर बरं, असं दारातून शिरताना स्वरूपच्या मनात आलं, आणि त्याचीही लाज वाटली. संजीवनीताईंनी साइटचा विषय काढला तेव्हा तो उठला. वाक्य पाठ केलं होतं, मूळ थीमच्या परवान्यानुसार वगैरे. ते सगळं पुसलं गेलं.

"प्रदर्शनात विचारलं होतं, कोणाची आहे. ती संघरत्नाची आहे. मला तेव्हाही माहीत होतं. तिनं मला मदत केली होती, मी तिचं नाव काढून माझं घातलं. मी खोटा आहे. ती नाही."

मागून कोणी तरी फिदकन हसलं. कोणी म्हणालं, एवढंच होय. स्वरूपला वाटलं आता बसावं, पण बसायचं कसं तेच समजेना.

मग गुणाबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, दमानं.

"मी बोलले ते पण ऐका. चोर म्हटलं, ते चुकीचं. नि त्याच्यापुढं जे बोलले ते त्याहून चुकीचं. काय बोलले ते परत बोलत नाय, तोंड विटाळतं माझं, तुमचं नाय." ती मागच्या रांगेकडं वळली, मुलीकडं नव्हे, मुलीच्या आईकडं. "बाय, तुमची पोर हुशार. माझ्या पोराला मी हुशार म्हणत आले, नि त्याला खरं बोलायची सोय ठेवली नाय. मला माफ करा असं म्हणायला आलेय. नाय केलंत तरी मी म्हटलं."

त्या आईनं मान हलवली नाही. तिनं फक्त शेजारची रिकामी खुर्ची किंचित सरकवली, गुणाबाईला बसायला की वाटेतून दूर करायला, ते गुणाबाईला कळलं नाही. ती उभीच राहिली.

संजीवनीताईंनी घसा साफ केला. "मग काम संघरत्नाकडंच. स्वरूप, तुझ्याकडची सगळी पानं तिच्या हवाली कर."

सभा सुटल्यावर संघरत्ना पायऱ्यांशी स्कूटरची चावी शोधत होती. स्वरूप तिच्यापासून हातभर लांब थांबला.

"नाव लावलंय परत."

"बघितलं. ते लावायचंच होतं."

"अजून काय करू?"

तिला चावी सापडली. ती लगेच गेली नाही.

"तुमच्या आईचं मला लागलं," ती म्हणाली. "आमच्या आईला तर फार. पण त्या मला ओळखत नव्हत्या. त्यांना वाटलं त्यांच्या पोराचं कुणी घेतलं. तुम्ही ओळखत होतात. प्रश्न विचारताना 'मॅडम' म्हणत होतात."

"हो."

"झिनीचं पान मी आजीला वाचून दाखवलं होतं." तिनं स्कूटरला चावी लावली. "यापुढं काही अडलं तर तिथं उघड्यावर विचारा, सगळ्यांसमोर. सगळ्यांना देते तसं उत्तर देईन. मला वेगळा मेसेज करू नका."

स्कूटर वळली आणि आसनगावच्या रस्त्याला लागली. स्वरूप मोटरसायकलीपाशी आला. गुणाबाई तिथं पिशवी घेऊन उभी होती.

"काय म्हणाली?"

"खरं म्हणाली."

"माफ केलं?"

"ते काय बोलली नाय."

"बरं केलं," गुणाबाई म्हणाली. "लगेच केलं असतं तर घर येईपर्यंत विसरला असतास. नि मी पण."

तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि मागं बसली. मुरबाडच्या रस्त्याला लागल्यावर स्वरूपनं एकदा मान वळवून विचारलं, चहाला थांबू का. तिनं नको म्हटलं, आणि तेवढंच.